राजीनामा नेमका कधी लागू झाला? रायबरेली निवडणूक खटल्याचा अभ्यास

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतली १९७१ ची निवडणूक रद्द ठरवली. तेरा दिवसांनी आणीबाणी आली आणि पुढचे सगळे इतिहासात गेले. निकालात नेमके काय होते हे मात्र त्या धुरळ्यात मागेच राहिले. बाईंनी पैसे वाटले म्हणून निवडणूक गेली, असे छातीठोक सांगणारे आजही भेटतात. कांबळी, रजया, धोतरे आणि दारू वाटल्याचे आरोप पराभूत उमेदवार राजनारायण यांच्या याचिकेत होते खरे, पण ते सिद्ध झाले नाहीत. त्यांच्या पक्षाचे गाय-वासरू हे चिन्ह धार्मिक आहे, हा आक्षेपही टिकला नाही. ३५ हजार रुपयांची खर्चमर्यादा ओलांडल्याचा आरोप टिकला नाही आणि हवाई दलाच्या विमानांचा मुद्दाही फेटाळला गेला.

टिकले ते दोनच मुद्दे, आणि दोन्ही सरकारी नोकरांबद्दलचे. एक, पंतप्रधान सचिवालयातल्या यशपाल कपूर या अधिकाऱ्याने केलेला प्रचार. दुसरा, उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांनी सभांसाठी उभारलेली व्यासपीठे आणि लाउडस्पीकरसाठी पुरवलेली वीज. 'ट्रॅफिकचा नियम मोडला म्हणून पंतप्रधान घालवला' अशी थट्टा तेव्हा परदेशातही झाली. व्यासपीठांपुरती ती थोडीफार लागू पडते. कपूर यांच्या बाबतीत ती मला पटत नाही.

नियम काय होता

सरकारी नोकर आणि राजकारण यांच्यातले कुंपण आपल्याकडे दोन्ही बाजूंनी घातलेले आहे. नोकराच्या बाजूने वर्तणूक नियम आहेत : केंद्राचे १९६४ चे, महाराष्ट्राचे १९७९ चे. दोन्हींत नियम ५ हा राजकारणाबद्दलचा. राजकीय पक्षाचे सदस्य व्हायचे नाही, पक्षाला वर्गणी द्यायची नाही, प्रचार करायचा नाही. मत जरूर द्यावे, पण ते कोणाला देणार किंवा कोणाला दिले याचा सुगावाही लागू द्यायचा नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हाही वजन वापरण्याचाच प्रकार मानला जातो. मोडल्यास खातेनिहाय चौकशी. त्याखेरीज एखाद्या उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी, मतदान प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम केले, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४-अ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

उमेदवाराच्या बाजूने कलम १२३(७) आहे. ठरावीक वर्गांतल्या सरकारी नोकरांकडून आपल्या निवडीला हातभार लागेल अशी कोणतीही मदत उमेदवाराने मिळवली किंवा मिळवण्याचा प्रयत्न केला, तर ते भ्रष्ट आचरण. फक्त त्या नोकराचे मत तेवढे वगळलेले. यादीत राजपत्रित अधिकारी, न्यायाधीश व दंडाधिकारी, सैन्य, पोलीस, अबकारी आणि महसूल अधिकारी येतात. महसुलातून पुन्हा लंबरदार, मालगुजार, पाटील, देशमुख अशा वसुलीतून हिस्सा घेणाऱ्या गावकामगारांना सूट आहे. कायदा लिहिणाऱ्यांना गावची निवडणूक पाटलाला बाजूला ठेवून होत नाही हे ठाऊक होते, असे ते वाक्य वाचताना वाटत राहते.

पण ही सूट महत्त्वाची नाही, महत्त्वाचे आहे ते 'मिळवली' हे क्रियापद. अधिकाऱ्याने परभारे, उमेदवाराला न विचारता काही केले तर तो अधिकारी अडकेल, उमेदवार नाही. मात्र निवडून आलेल्या उमेदवाराने स्वतः भ्रष्ट आचरण केल्याचे एकदा ठरले की, त्यामुळे निकालावर परिणाम झाला होता का, हे न्यायालयाला बघावे लागत नाही. कलम १०० मध्ये परिणामाची अट आहे, पण ती इतर प्रकारच्या दोषांसाठी. म्हणूनच इंदिरा गांधींना १,८३,३०९ आणि राजनारायण यांना ७१,४९९ मते होती, फरक एक लाख अकरा हजारांचा होता, हा युक्तिवाद राजकीय व्यासपीठावर कितीही जोरदार वाटला तरी न्यायालयात त्याचा उपयोग नव्हता.

मंत्र्याला प्रचाराची मुभा असते. निवडून आलेला माणूस राजकारणीच असतो आणि त्याने तटस्थ राहावे अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. बंधन आहे ते त्याच्या हाताखालच्या माणसांवर आणि त्यांना कामाला लावण्यावर. अडचण होते ती सरकारचा प्रमुखच उमेदवार असतो तेव्हा. दौरा सरकारचा की पक्षाचा, सचिव देशाचा की मतदारसंघाचा, हे एकाच खुर्चीभोवती वेगळे काढावे लागते.

कपूर : चार तारखांचे प्रकरण

२७ डिसेंबर १९७० ला लोकसभा मुदतीआधी वर्षभर विसर्जित झाली. २९ डिसेंबरला दिल्लीत इंदिरा गांधींची पत्रकार परिषद झाली. विरोधी नेते म्हणत होते की त्या रायबरेली सोडून गुडगावला जाणार. पत्रकाराने तसे विचारले. उत्तर आले : नाही.

यशपाल कपूर तेव्हा पंतप्रधान सचिवालयात विशेष कार्य अधिकारी, म्हणजे राजपत्रित नोकर. ७ जानेवारी १९७१ ला ते तेव्हाचे रेल्वेमंत्री गुलझारीलाल नंदा यांच्याबरोबर रायबरेलीजवळच्या मुन्शीगंजला होते. १९२१ मध्ये त्याच तारखेला तिथे शेतकऱ्यांवर गोळीबार झाला होता आणि त्या घटनेला पन्नास वर्षे होत होती. या कार्यक्रमात कपूर यांनी इंदिरा गांधींसाठी भाषण केल्याचे उच्च न्यायालयाने मानले. १३ जानेवारीला त्यांनी राजीनामा दिला. १९ जानेवारीला कालन इथे पुन्हा भाषण झाले. २५ जानेवारीला राजीनामा स्वीकारल्याची अधिसूचना निघाली आणि तिच्यात लिहिले होते की तो १४ जानेवारीपासून लागू समजावा. फेब्रुवारीत कपूर रीतसर निवडणूक प्रतिनिधी झाले. इंदिरा गांधींचा उमेदवारी अर्ज १ फेब्रुवारीचा.

सगळा वाद या तारखांमध्ये अडकला होता. पहिला प्रश्न : कपूर सरकारी नोकर कधीपर्यंत होते? पंतप्रधानांचे सचिव पी. एन. हक्सर यांनी साक्षीत सांगितले की आपण १३ तारखेलाच राजीनामा तोंडी स्वीकारला आणि उद्यापासून कार्यालयात यायची गरज नाही असे कपूर यांना सांगितले. ज्यांनी सरकारी कचेरीत काम केले आहे त्यांना यातली गोम कळेल. साहेब 'ठीक आहे, जा' म्हणाले म्हणून नोकरी सुटत नाही. राजीनामा सक्षम अधिकाऱ्याने, इथे राष्ट्रपतींच्या नावाने, स्वीकारावा लागतो. साध्या कारकुनाचा राजीनामासुद्धा कागदावाचून मंजूर होत नाही. न्या. सिन्हा यांनी तोंडी स्वीकृती अमान्य केली. २५ जानेवारीपर्यंत कपूर नोकरच होते, असे त्यांनी ठरवले. मागच्या तारखेचा उल्लेख करून झालेली गोष्ट न झालेली करता येत नाही, हा त्यामागचा विचार.

दुसरा प्रश्न : इंदिरा गांधी उमेदवार कधी झाल्या? त्यांचे म्हणणे, १ फेब्रुवारीला. तेव्हाच्या कलम ७९(ब) मध्ये मात्र 'उमेदवार' या शब्दात अर्ज भरण्याआधीच स्वतःला भावी उमेदवार म्हणून पुढे करणारी व्यक्तीही येत होती, फक्त निवडणूक दृष्टिपथात असायला हवी. लोकसभा विसर्जित झाली आहे, पंतप्रधानांना मतदारसंघ बदलणार का असे थेट विचारले आहे आणि त्यांनी नाही म्हटले आहे. न्यायालयाने उमेदवारीची सुरुवात २९ डिसेंबर धरली. इंदिरा गांधींची साक्ष १८ आणि १९ मार्च १९७५ ला झाली. पंतप्रधान उलटतपासणीला सामोरे गेल्याचा तो विरळा प्रसंग. निर्णय १ फेब्रुवारीलाच घेतला, हे त्यांचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही.

प्रामाणिकपणे पाहिले तर 'नाही' या एका शब्दावर उमेदवारी बेतणे जरा ताणलेले आहे. पंतप्रधान मतदारसंघ बदलत नाहीत याचा अर्थ त्या तिथून उभ्या राहणार हे कोणालाही कळते. पण कळणे आणि स्वतःला उमेदवार म्हणून पुढे करणे यांत फरक काढता येतो. इंदिरा गांधींच्या वकिलांकडे एवढी एकच खरी फट होती.

राजीनाम्याच्या मुद्द्यावर फट नव्हतीच. शिवाय एक गोष्ट नीट पाहायला हवी : मुन्शीगंजचे भाषण ७ जानेवारीचे, राजीनामा १३ चा. राजीनामा तोंडी स्वीकारला, लेखी स्वीकारला किंवा मागील तारखेपासून लागू केला, तरी ७ जानेवारीला कपूर पंतप्रधान सचिवालयाच्या पगारावरच होते. म्हणजे हक्सर यांची साक्ष पूर्ण मान्य केली तरी फार तर कालनचे भाषण आरोपातून सुटत होते. ही गोष्ट पुढे संसदेत काय झाले ते समजायला कामी येते.

आणि यात नुकसान कोणाचे? एका अधिकाऱ्याच्या दोन भाषणांनी लाखाची आघाडी मिळत नाही, हे उघड आहे. पण मुन्शीगंजच्या श्रोत्यांसमोर जो माणूस मंत्र्याशेजारी उभा राहतो तो पक्षाचा कार्यकर्ता नसतो, दिल्लीच्या कचेरीतला साहेब असतो. त्याच्याकडे अर्ज द्यायचे असतात, त्याच्या शब्दाने काम होते अशी लोकांची समजूत असते. कलम १२३(७) ला नेमकी हीच समजूत मतपेटीपासून दूर ठेवायची होती.

व्यासपीठे

१ आणि २५ फेब्रुवारीच्या दौऱ्यांत रायबरेलीचे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, सार्वजनिक बांधकाम विभागाचे कार्यकारी अभियंता आणि वीज खात्याचे अभियंते यांनी सभांची व्यवस्था केली. पंतप्रधानांच्या दौऱ्यासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सूचना होत्या आणि निवडणूक सभांमध्येही व्यासपीठ व कठडे राज्य सरकारने उभारावेत असे त्यांत होते, कारण सुरक्षा ही सरकारची जबाबदारी. त्या सूचनांचे 'ब्ल्यू बुक' न्यायालयात दाखवायचे की नाही यावरच एक स्वतंत्र खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १९७५ च्या त्या निकालात न्या. के. के. मॅथ्यू यांनी लोकसेवक सार्वजनिक रीतीने जे करतात ते जाणून घेण्याचा नागरिकांना हक्क आहे असे लिहिले. पुढे माहितीच्या अधिकाराच्या चर्चेत ते वाक्य पुन्हा पुन्हा आले. रायबरेलीच्या खटल्याचे हे आडवाटेचे फळ.

आता यातली गंमत. फेब्रुवारी १९७१ मध्ये उत्तर प्रदेशात इंदिरा गांधींच्या काँग्रेसचे सरकार नव्हते. मुख्यमंत्री होते त्रिभुवन नारायण सिंह, संघटना काँग्रेसचे (काँग्रेस फुटल्यावर इंदिरा गांधींच्या विरोधात राहिलेल्या गटाचे), आणि त्यांच्यामागे इंदिरा-विरोधकांची आघाडी. व्यासपीठे उभारणारे अभियंते त्या सरकारचे नोकर. विरोधी सरकारच्या जिल्हाधिकाऱ्याने नेहमीच्या सूचनेप्रमाणे बांबू आणि फळ्या लावल्या, तर ती पंतप्रधानांनी 'मिळवलेली' निवडणूक मदत कशी, हा प्रश्न रास्त आहे. न्या. सिन्हा यांचे उत्तर असे की उंच व्यासपीठावरून आणि सरकारी विजेवरच्या लाउडस्पीकरवरून बोलल्याने उमेदवाराचा प्रभाव वाढला. कठड्यांबद्दल सुरक्षेचे कारण पटते. लाउडस्पीकरला वीज जोडून कोणाची सुरक्षा होते, हे सांगणे कठीण आहे. एवढे धरूनही माझ्या मते हा मुद्दा कपूर यांच्या मुद्द्यापेक्षा बराच लेचापेचा. जिल्हाधिकाऱ्याला नकार देण्याची सोयच नव्हती, आणि खर्चाचे बिल पक्षाकडे पाठवले असते तर बराचसा वाद मिटला असता.

निकालात दोन्ही मुद्दे एकत्र आल्याने नुकसान झाले असे मला वाटते. थट्टा करणाऱ्यांना व्यासपीठ सापडले आणि कपूर झाकले गेले.

ऑगस्ट १९७५

निकालाने इंदिरा गांधी सहा वर्षांसाठी अपात्र ठरल्या. सिन्हा यांनी स्वतःच वीस दिवसांची स्थगिती दिली होती. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे सुट्टीतले न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली : पंतप्रधानपदावर राहता येईल, सभागृहात बोलता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही. दुसऱ्या रात्री आणीबाणी.

अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. त्याआधी, ६ ऑगस्टला, निवडणूक कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीही पूर्वलक्षी प्रभावाने, चालू खटल्यांना लागू होईल अशी. तीन बदल आपल्या कामाचे आहेत. 'उमेदवार' म्हणजे रीतसर नामनिर्देशन झालेली किंवा तसे झाल्याचे सांगणारी व्यक्ती, एवढेच राहिले. कलम १२३(७) ला परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी जोड, लावले : सरकारी नोकराने आपले कर्तव्य म्हणून, किंवा कर्तव्य समजून, उमेदवारासाठी काही व्यवस्था केली तर ती मदत मानू नये, मग ती उमेदवाराच्या पदामुळे असो की अन्य कारणाने. आणि एक स्पष्टीकरण : राजपत्रात नेमणूक किंवा राजीनाम्याची जी तारीख छापली जाईल तीच निर्णायक पुरावा.

पहिल्या बदलानेच कपूर प्रकरण संपत होते. उमेदवारी १ फेब्रुवारीला सुरू झाली तर जानेवारीतली दोन्ही भाषणे बाहेर पडतात, ७ तारखेचे आणि १९ चेही. राजपत्राच्या स्पष्टीकरणाची गरजच उरत नव्हती. तरी ते घातले. चोराच्या भीतीने एका दाराला दोन कुलपे लावावीत, तसा हा कारभार होता. फरक एवढाच की यातले दुसरे कुलूप आतल्या माणसाच्या सोयीसाठी होते : अधिसूचना काढणारे सरकार, तीत तारीख लिहिणारेही सरकार, आणि न्यायालयाने तिच्यामागे बघायचे नाही.

१० ऑगस्टला एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती आली. पंतप्रधान आणि लोकसभाध्यक्षांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांकडून काढून घेणारे कलम ३२९-अ तीत होते, आणि त्याच्या चौथ्या खंडाने हा खटलाच निकाली काढायचा होता. ७ नोव्हेंबर १९७५ ला सरन्यायाधीश ए. एन. राय, न्या. एच. आर. खन्ना, के. के. मॅथ्यू, एम. एच. बेग आणि यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने बहुमताने तो खंड रद्द केला. घटनेची मूलभूत चौकट, म्हणजे संसदेलाही बदलता न येणारा घटनेचा गाभा, हे तत्त्व वापरून घटनादुरुस्ती रद्द होण्याचा हा गाजलेला निकाल. कायद्याचे विद्यार्थी तो त्यासाठीच वाचतात. त्याच निकालात निवडणूक कायद्यातल्या दुरुस्त्या मात्र वैध ठरल्या आणि बदललेला कायदा लावून इंदिरा गांधींचे अपील मंजूर झाले. संसद कायदा मागील तारखेपासून बदलू शकते, हे तत्त्व म्हणून चुकीचे नाही. चालू खटल्यातला एक पक्षकार सत्तेत असताना तसे करणे ही वेगळी गोष्ट, पण त्याला रोखणारी तरतूद न्यायमूर्तींना सापडली नाही.

१९७७ मध्ये राजनारायण यांनी रायबरेलीत इंदिरा गांधींचा पंचावन्न हजारांवर मतांनी पराभव केला. कपूर तोवर राज्यसभेचे खासदार होते.

काय उरले

चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३२९-अ गेले. ऑगस्ट १९७५ च्या निवडणूक कायद्यातले हे तीन बदल राहिले. जनता सरकारने आणीबाणीतले बरेच काही पुसले, पण 'उमेदवार' या शब्दाची व्याख्या, परंतुक आणि राजपत्राचे स्पष्टीकरण आजही पुस्तकात आहे. एका खटल्यासाठी घाईने लिहिलेला मजकूर सगळ्याच पक्षांना सोयीचा निघाला, एवढाच याचा अर्थ मी लावतो.

परिणाम प्रत्यक्षात जाणवतो. मुंबईच्या मोहन रावले यांच्या खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने नामनिर्देशनाच्या आधीच्या कृत्यांवरून भ्रष्ट आचरणाचा आरोप उभा राहत नाही असे सांगितले. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यापासून अर्ज भरेपर्यंतचे दिवस कलम १२३(७) च्या बाहेर. त्या काळात आदर्श आचारसंहिता असते. सत्ताधारी पक्षाबद्दलचा तिचा भाग १९७९ पासूनचा आहे आणि मंत्र्यांनी सरकारी दौरा व प्रचार एकत्र करू नये, असे तो सांगतो. पंतप्रधानांना त्यातून सूट आहे. पण आचारसंहिता मोडली म्हणून निवडणूक रद्द होत नाही. अधिकाऱ्यावर मात्र वर्तणूक नियम बाराही महिने लागू. पक्षाच्या मेळाव्यात दिसलेला शिक्षक किंवा तलाठी निलंबित होतो. त्याला तिथे बोलावणाऱ्याला अर्ज भरेपर्यंत कसलीच झळ नाही. कुंपण दोन बाजूंचे म्हणायचे, पण एका बाजूच्या तारा बऱ्याच सैल.

आणि कपूर यांनी १३ जानेवारीला जे केले ते आज कोणी केले तर? सकाळी राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती, अधिसूचनेत सोयीची तारीख, संध्याकाळी पक्षप्रवेश. खासगी कंपनीत नोकरी धरायची तर वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर सरकारची परवानगी लागते. निवडणूक लढवायची तर असा कालावधी नाही. तो ठेवावा अशी मागणी करणारी याचिका २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. हे ठरवणे विधिमंडळाचे काम आहे असे सांगून न्यायालयाने ती फेटाळली.